माशी बसवली, तरी नेम का सरकतो?

"काका, परत डावीकडं चाललंय."

आठवीतली पोरगी, खांद्याला रायफलची बॅग, मागं स्कूटर स्टँडला लावत असलेले तिचे बाबा. महिन्यातली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला मी साईटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणांचे, स्क्रू आवळून दिले. दुसऱ्या खेपेला जरा जास्त आवळून दिले. तिसऱ्यांदा ती दारात उभी राहिली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आयुष्यभर फिटरकी केली आणि हलणारी वस्तू का हलते हे न बघता पान्याला जोर लावत बसलो.

रायफल साधीच. हवेवर चालणारी, 4.5 मिमी बोअरची (नळीच्या आतल्या भोकाची), नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंग चढवायची. ह्या वाकवण्याला आम्ही नळी मोडणं म्हणतो. घेतली तेव्हा वर दुर्बीण होती, लोखंडी साईट नव्हतीच. शालेय स्पर्धेत एअर रायफलचे ओपन साईट (उघडी खाच) आणि पीप साईट (बारीक भोक) असे वेगवेगळे गट असतात, आणि सरांनी हिला ओपन साईटमध्ये घातली. मग दुर्बीण उतरली, खाचेची मागची साईट एकीकडून मागवली, पुढची माशी (नळीच्या टोकाला कड्यानं बसणारी, खाचेतून बघायची उभी काडी) दुसरीकडून, आणि दोन्ही माझ्या टेबलावर येऊन बसल्या. 1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या तीन-चार घरांतल्या माळ्यावरच्या एअर रायफली खाली आल्यात. त्याचा प्रकार 50 मीटरचा, रायफल वेगळी, साईट वेगळी, हे पोरांना सांगून उपयोग नसतो. त्यांना रायफल म्हणजे रायफल. तर अशा चार-पाच रायफलींत मला जे तेच तेच दुखणं दिसलं, ते इथं लिहितोय.

दुखणं असं: साईट बसवली की पहिल्या दिवशी झकास. पंधरा-वीस छर्रे एका जागी. दोन दिवसांनी छर्रे एका बाजूला जायला लागतात. साईटचा नॉब फिरवून परत मध्ये आणायचं, आठवड्यात परत तेच. शेवटी नॉब संपतो आणि माणूस म्हणतो, साईट खराब. साईट बहुतेक वेळा चांगली असते.

आधी रेघ, मग पाना

तिसऱ्या खेपेला मी एकही स्क्रू आवळला नाही. बायकोची शिवणाची सुई घेतली आणि तीन ठिकाणी बारीक रेघा ओढल्या. एक मागच्या साईटच्या क्लॅम्पवरून खालच्या डव्हटेलवर, म्हणजे सिलिंडरवरच्या तिरक्या कडांच्या पट्टीवर, उतरणारी. दुसरी माशीच्या कड्यावरून नळीवर. तिसरी लाकडी दस्त्याच्या पुढच्या टोकावरून सिलिंडरवर. ही तिसरी पेन्सिलीची, लाकडावर सुई कशाला. रेघेत पांढरा खडू चोळला म्हणजे ती उठून दिसते. नवीन रायफल खरवडायला जीव धजत नसेल, तर मास्किंग टेपचा तुकडा सांध्यावर चिकटवून ब्लेडनं कापा आणि दोन्ही अर्धी तशीच राहू द्या.

मग पोरीला म्हटलं, "माझ्यासमोर चाळीस मार. तू रोज मारतेस तशीच." परड्यात दहा मीटर जागा आहे, मागं वाळूनं भरलेली पेटी. ती मारत गेली, मी फक्त बघत होतो. माझं लक्ष कार्डाकडं, म्हणजे निशाणाच्या कागदाकडं, नव्हतं, तिच्या हातांकडं होतं, आणि ते बरं झालं.

चाळीस झाल्यावर रेघा बघितल्या. दस्त्याची जशीच्या तशी. मागच्या साईटची रेघ एक मिलिमीटरभर तुटलेली, साईट मागं, म्हणजे डोळ्याच्या बाजूला सरकली होती. माशीची रेघ जेमतेम 0.4 मिमी फुटली होती, कडं नळीभोवती उजवीकडं वळलं होतं. मी पैज लावली असती की गुन्हेगार मागची साईट. एक मिलिमीटर कुठं आणि 0.4 कुठं. हिशेब केल्यावर उलटं निघालं.

कुठलं सरकणं किती महाग पडतं

हिशेब शाळेतला त्रैराशिकाचा आहे. दोन साईटमधलं अंतर मोजा. हिच्या रायफलीत ते 640 मिमी होतं. कार्ड 10,000 मिमीवर. म्हणजे साईट आडवी किंवा उभी एक मिमी हलली, तर छर्रा कार्डावर 10,000 भागिले 640, साधारण साडेपंधरा मिमी हलतो.

आता माशी बघा. तिचं टोक नळीच्या मध्यापासून 20 मिमी वर होतं. नळीचा व्यास 15 मिमी, म्हणजे तिच्या अंगावर 0.4 मिमीची फूट म्हणजे कडं तीन अंश वळलं. तीन अंशात 20 मिमी उंचीवरचं टोक एक मिमीपेक्षा थोडं जास्तच बाजूला जातं. कार्डावर ते 16 मिमी झालं. आम्ही सरावाला एअर पिस्तूलचं कार्ड लावतो, त्यात काळा गोल 59.5 मिमीचा असतो आणि उघड्या खाचेतून नीट दिसतो. त्या कार्डावर एका वर्तुळापासून दुसरं 8 मिमी. म्हणजे दोन वर्तुळं गेली. पोरगी म्हणत होती तेवढीच, आणि डावीकडंच. पुढची माशी उजवीकडं गेली की छर्रा डावीकडं जातो. मागच्या साईटचं उलटं, ती ज्या बाजूला न्याल त्या बाजूला छर्रा जातो. हे डोक्यात घोळतं, म्हणून मी टेपवर "मागची सरळ, पुढची उलट" असं लिहून बॅगेत आतून चिकटवून देतो.

आणि मागची साईट? ती सरळ रेषेत मागं सरकली. 640 चे 641 झाले, एवढंच. त्यानं कार्डावर काही दिसत नाही. मात्र सरकणारी साईट ही सैल साईट असते, आणि सैल साईट डुलते. एक दशांश मिमी आडवी डुलली की दीड मिमी गेलं. सरकणं ही नुसती खूण, नुकसान डुलण्यानं होतं. म्हणून तिच्याकडं दुर्लक्ष करायचं नाही, पण नेम सोळा मिमी गेला तो तिच्यामुळं नव्हे.

स्प्रिंगची रायफल दोनदा उडते

मागची साईट मागंच का जाते, पुढं का नाही, हा प्रश्न तिच्या बाबांनी विचारला. ते एसटीत मेकॅनिक आहेत, त्यामुळं सांगायला मजा आली. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढं ढकलते, त्या धक्क्यानं रायफल मागं येते. इथवर सगळ्यांना कळतं. पण पिस्टन सिलिंडरच्या टोकाला जाऊन दाबलेल्या हवेवर आपटतो आणि थांबतो, तेव्हा त्याचा सगळा वेग रायफलीच्या अंगावर येतो आणि रायफल पुढं हिसकली जाते. हा दुसरा हिसका जास्त करडा असतो. रायफल पुढं गेली, वरची साईट जडपणामुळं आपल्या जागी राहिली, म्हणजे रायफलीच्या मानानं मागं गेली. एसटीनं अचानक पहिला गिअर टाकून उसळी घेतली की उभे प्रवासी मागं जातात, तेच.

म्हणून आडकण साईटच्या मागं हवी. पुष्कळ रायफलींच्या डव्हटेलवर मागच्या टोकाला एक-दोन भोकं किंवा आडवी खाच असते, त्यात साईटची पिन उतरते. पिन नसेल तर डव्हटेलवर बसणारा छोटा ठोकळा साईटला मागून टेकवून घट्ट करायचा. भोक नाही म्हणून सिलिंडरवर स्वतः ड्रिल मारायचं मात्र अजिबात नाही. त्या पत्र्याच्या खाली पिस्टन धावतो. ड्रिल आरपार गेलं तर रायफल भंगारात, आणि आरपार नाही गेलं तरी आत फुगवटा येऊन पिस्टनचा वायसर कापला जातो. मी असा एक सिलिंडर बघितलाय.

क्लॅम्प बसवायच्या आधी डव्हटेल थिनरनं पुसून कोरडं करा. नव्या रायफलीवर कारखान्याचं तेल असतं, तेलावर कितीही आवळा, ते घसरणारच. अकरा मिमीचं डव्हटेल म्हणून सगळे विकतात, पण प्रत्यक्षात रुंदीही बदलते आणि कडेचा कोनही. क्लॅम्पचे जबडे कडेला पूर्ण टेकतात का हे बघायला मी डव्हटेलवर मार्करची शाई लावतो, क्लॅम्प लावून काढतो. शाई नुसती एका कडेला पुसली गेली असेल, तर जबडा रेघेवर टेकतोय, सपाटीवर नाही. तिथं थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून घाला, तो पत्रा साधारण 0.1 मिमीचा असतो, जिथं फट आहे तिथंच.

माशी कुणी फिरवली

आता खरी गंमत. माशी काही हिसक्यानं फिरत नव्हती. पोरगी रायफल मोडताना उजव्या हातात दस्ता आणि डाव्या हातानं नळीचं टोक धरून खाली ओढत होती. तेरा वर्षांची, हाताला जोर कमी, म्हणून जितकं टोकाला धरता येईल तितकं टोकाला. आणि टोकाला होतं माशीचं कडं. चाळीस वेळा ती माशी मुठीत धरून पिळत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मग कुठं धरू? बाकी नळी गुळगुळीत आहे."

अगदी बरोबर. त्यामुळं कड्याच्या मागं चार बोटं रुंदीचा लाल इन्सुलेशन टेपचा पट्टा गुंडाळला. हात इथं. मोडायला किंचित जास्त जोर लागतो, पण आठवड्यात सवय झाली. छर्रा भरताना नळी उघडी असेल तोवर डावा हात नळीवरून उठवायचा नाही आणि चापाजवळ बोट न्यायचं नाही, हे तिला सरांनी शिकवलेलं होतंच. उघड्या नळीवर चाप सुटला तर नळी जिवाच्या आकांतानं वर येते. बोटं जातात. आणि बोटं वाचली तरी नळी सांध्यापाशी वाकते, मग नेम कायमचा वर.

पण माशी मुठीनं फिरली याचा अर्थ ती फिरण्याइतकी सैल होती, आणि ते काम माझंच होतं. कडं 16 मिमीच्या नळीसाठी बनवलेलं, नळी व्हर्नियरवर 15.1. मधली फट कोणीतरी आधी टेप गुंडाळून भरली होती. टेप म्हणजे रबर आणि गोंद. उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत रायफल तासभर राहिली की गोंद वाहतो आणि कडं त्याच्यावर तरंगतं. वर एकच ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, ॲलन कीनं फिरवायचा), टोकदार. त्यानं नळीवर एक खड्डा पाडलेला. मी दोनदा माशी सरळ करून आवळली होती ती का टिकली नाही, हे इथं कळलं. ग्रब स्क्रू आवळला की त्याचं टोक घसरत जुन्याच खड्ड्यात जाऊन बसायचं आणि कड्याला बरोबर ओढून न्यायचं. मी सरळ करतोय, स्क्रू वाकडं करतोय.

उपाय दोन भागांत. फट 0.9 मिमीची, म्हणजे भोवताली 0.45. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेची बाही करून घेतली, आतून नळीला अंगठ्यानं दाबून बसेल अशी, बाहेरून कड्याच्या मापाची, आणि उभी एक चीर मारलेली, म्हणजे आवळल्यावर ती नळीला मिठी मारते. त्यानं पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजायला लावला. लेथ हाताशी नसेल तर पितळेचा पातळ पत्रा गुंडाळूनही जमतं, फक्त दोन टोकं एकमेकांवर चढू द्यायची नाहीत.

दुसरं, ग्रब स्क्रूच्या टोकाखाली काहीतरी मऊ हवं. मी पहिल्यांदा छर्राच चपटा करून घातला. शिसं मऊ, हाताशी आहे, फुकट. शंभर छर्र्यांत ते पसरून पातळ झालं आणि स्क्रू पुन्हा सैल. मग तांब्याच्या जाड तारेचा तुकडा ऐरणीवर ठोकून टिकलीएवढा चपटा केला, तो घातला. तांबं दबतं पण वाहत नाही. आणि जुना खड्डा टाळायला बाही थोडी फिरवून चीर दुसरीकडं नेली, म्हणजे खड्ड्यावर आता पितळ आहे.

स्क्रूच्या आट्यांना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), 243. दोनच थेंब. लाल किंवा कायमचं पकडणारं वापरू नका, पुढच्या वेळी ॲलन कीच्या भोकाचे कोपरे गोल होतील. साईट प्लास्टिकची असेल तर लॉकटाइट लावूच नका, काही प्लास्टिकना त्यानं तडे जातात. तिथं नेलपॉलिश चालतं.

ओळंबा

माशी उभी आहे की नाही हे डोळ्यानं ठरवता येत नाही. मी पैजेवर सांगतो, दोन अंशांचा तिरपेपणा कुणालाच दिसत नाही, आणि मघाच्या हिशेबानं एक अंश म्हणजे या रायफलीत कार्डावर साडेपाच मिमी. गवंड्याचा ओळंबा घ्या. परड्यात पाच-सहा मीटरवर टांगा, पांढऱ्या भिंतीपुढं, वारा नसताना. रायफल व्हाइसमध्ये चिंध्या लावून धरा, फार आवळायचं नाही. डव्हटेलवर आडवी पाणसळ ठेवून रायफल सपाट करा. मग मागच्या खाचेतून बघा आणि माशीची उभी कड ओळंब्याच्या दोरीला समांतर येईपर्यंत कडं फिरवा. दोरी आणि माशी एकत्र बघताना फरक लगेच दिसतो. तिथंच स्क्रू आवळा, पण एकदम नाही. थोडा आवळा, परत बघा, थोडा आवळा. शेवटच्या पाव फेऱ्यात माशी हमखास हलते.

खाच डोळ्याजवळ नको

एवढं करूनही माझं समाधान नव्हतं, कारण एक मूळची चूक शिल्लक होती. मागची साईट सिलिंडरवर होती. तिथंच का? तर डव्हटेल तिथं आहे म्हणून. ते डव्हटेल दुर्बिणीसाठी असतं. त्यावर पीप साईट चालते, कारण पीपचं भोक डोळ्याजवळच हवं. पण उघडी खाच डोळ्यापासून वीतभर अंतरावर आली की ती धूसर दिसते. कार्ड, माशी आणि खाच या तिन्हींवर डोळा एकाच वेळी स्थिर होत नाही, आणि खाच जितकी जवळ तितकी ती जास्त पुसट. तेरा वर्षांचे डोळे निभावून नेतात. मी त्यातून बघितलं तर मला खाचेऐवजी ढग दिसला.

दुसरं कारण सांध्याचं. नळी मोडणाऱ्या रायफलीत नळी आणि सिलिंडर हे दोन वेगळे तुकडे, मध्ये बिजागरी. नळी दर वेळी बरोबर त्याच जागी मिटली पाहिजे. माशी नळीवर आणि खाच सिलिंडरवर असेल तर मिटण्यातला फरक कार्डावर येतो. पूर्ण येत नाही, कारण नळीबरोबर माशीही हलते आणि बरीचशी चूक तिथंच भागते. सांध्यापासून नळी 420 मिमी आणि साईटमधलं अंतर 640 धरलं, तर एक तृतीयांशच्या आसपास चूक उरते. टोकाला अर्धा मिमी खेळ असेल तर कार्डावर चार मिमी. दुर्बीण असती तर सगळी चूक कार्डावर आली असती, बारा मिमी. पण खाच आणि माशी दोन्ही नळीवरच असतील तर नेमाची रेघ नळीबरोबरच हलते आणि हा प्रश्नच उरत नाही. जुन्या ब्रेक बॅरल (नळी मोडायच्या) रायफलींना मागची साईट नळीच्या मुळाशी असायची ती उगाच नव्हती.

सांधा बघायची सोपी पद्धत: रायफल रिकामी, नळी थोडीच, स्प्रिंगचा जोर लागायच्या आधीपर्यंतच मोडा आणि हात हळूच सैल करा. नळी सोडली तिथंच थांबली पाहिजे. स्वतःच्या वजनानं खाली पडली तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे. पाव फेरा आवळा, परत बघा. मिटलेल्या नळीला डावी-उजवीकडं हलवून सांध्यावर बोट ठेवा, टकटक जाणवली तर तीच भानगड. हिच्या रायफलीत बोल्ट थोडा सैल होता, आवळल्यावर थांबला.

मग नळीच्या मुळाशी, ब्रीचच्या (छर्रा भरायच्या टोकाच्या) ठोकळ्यावर बघितलं. वर एक काळी प्लास्टिकची टोपी होती, शोभेची वाटावी अशी. ती उचकटली तर खाली आटे पाडलेली दोन भोकं. साईटवाल्या आणि बिनसाईटच्या रायफलीला ठोकळा एकच, फक्त टोपी वेगळी. म्हणजे जागा तयार होती आणि आम्ही महिनाभर सिलिंडरवर झटत होतो. तुमच्या रायफलीत अशी टोपी असेल तर आधी ती काढून बघा. भोकं नसतील तर ठोकळ्यात ड्रिल मारू नका, खाली बोअर आहे. नळीला वेढणारं, वर छोटं डव्हटेल असलेलं खोगीर लेथवर करून घेता येतं.

सिलिंडरवर साईट असताना आणखी एक विचित्र गोष्ट होत होती. मागची साईट पूर्ण खाली करूनही छर्रे 60 मिमी वर जायचे. सिलिंडर नळीपेक्षा जाड, त्यावर साईट उंच, आणि माशी बुटकी. बुटकी माशी खाचेत आणायला माणूस नळीचं तोंड वर करतो, छर्रा वर जातो. तिथंच राहायचं असतं तर माशी 60 गुणिले 640 भागिले 10,000, म्हणजे 3.8 मिमी उंच करावी लागली असती. ठोकळ्यावर साईट आल्यावर तो त्रास गेला.

आता दोन साईटमधलं अंतर 400 मिमी. ते कमी झालं, म्हणजे एक मिमीची चूक कार्डावर 25 मिमी होते. हा तोटा आहे, लपवत नाही. पण स्पष्ट दिसणारी खाच आणि न हलणारा सांधा या दोन्हीपुढं तो मला स्वस्त वाटला.

कानस शेवटी

नव्या जागी पहिले दहा छर्रे 20 मिमी खाली गेले, साईट मधोमध असताना. हे मी मुद्दाम तसं ठेवलं होतं. उंच माशी घासून कमी करता येते, बुटकी वाढवता येत नाही. 20 गुणिले 400 भागिले 10,000, म्हणजे 0.8 मिमी काढायचं. मी 0.6 वर थांबलो, पाच छर्रे मारून घेतले, मग बारीक कानशीचे चार हात. माशीचं डोकं सपाट आणि कडा धारदार ठेवा, गोल झाल्या तर वरची रेघ हरवते. उरलेलं मागच्या नॉबवर.

घासलेलं लोखंड चमकतं, आणि चमकणारी माशी खोटं बोलते. उजेड ज्या बाजूनं येतो ती बाजू उजळ दिसते आणि डोळा तेवढीच माशी धरतो. सकाळी आणि संध्याकाळी नेम वेगळा जात असेल तर आधी इथं बघा. देवघरातला कापूर घ्या, अंगणात डबीत पेटवा, माशीचं कडं रायफलीपासून काढलेलं असतानाच धुरावर धरा. इतकी मऊ, काळीकुट्ट काजळी बाजारातल्या रंगात मिळत नाही. बोट लावलं की निघते, मग परत करायची. प्लास्टिकची असेल तर काळा मार्कर. लाल-हिरव्या चमकत्या दांडीच्या साईट मिळतात, त्या कार्ड मारायला मला आवडत नाहीत. माशीतली लाल दांडी मी सरळ उपसून काढतो.

हे सगळं जागेवर असूनही छर्रे विखरत असतील तर दस्त्याचे स्क्रू बघा, पुढचे दोन्ही बाजूचे आणि चापाच्या कडीचा. ते सैल झाले की नेम एका बाजूला जात नाही, सगळीकडं जातो. तसंच टेबलाच्या कडक लाकडावर रायफल टेकवून मारली की छर्रे वर जातात, हातावर घेऊन मारली की परत खाली. ती रायफलीची चूक नाही, पहिला हिसका कशावर आदळतो त्यावर ते असतं. साईट जुळवायची ती ज्या धरणीत स्पर्धेत मारणार त्याच धरणीत. आणि छर्र्याचा डबा मध्येच बदलू नका.

तीन आठवड्यांनी पोरगी आली ती दुसऱ्याच कामाला, बॅगेची चेन तुटली होती. मी रायफल बाहेर काढून खिडकीशी नेली. माशीची रेघ जुळलेली. ठोकळ्यावरच्या साईटची रेघ जुळलेली. लाल टेप मात्र हातानं मळून काळा झाला होता आणि एका टोकाला सुटला होता. तो बदलून दिला. तिचे बाबा म्हणाले, "काका, ती दुर्बीण आता पडूनच आहे, कोणी घेईल का?" मी म्हटलं ठेवा, तिचा धाकटा भाऊ मोठा होतोय.